चौथं कडवं

गेल्या चवथीला आमच्या वाड्यावरच्या एका घरात आरती ऐन रंगात आली होती. गणपतीची झाली, शंकराची झाली, विठ्ठलाची झाली आणि मग गावच्या देवीची सुरू झाली, जी कुठल्याच छापील आरतीसंग्रहात सापडत नाही. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली माणसांची दाटी. कांगल्यांच्या घोसांचा आणि पिकत आलेल्या तोरिंजाचा वास, कापूर, निरांजनाची धग, छत्र्या बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, टेकवून आत आलेल्या पोरांच्या अंगाची ओल. घुमट आणि शामेळ ही आमची मातीची, कातड्याने मढवलेली वाद्यं; तीन घुमटं, एक शामेळ, कांसाळ्यांची म्हणजे झांजांची जोडी. तिसरं कडवं संपलं आणि घुमट वाजवणाऱ्या तिघांनीही एकदम चाल बदलली. लय किंचित मागे ओढली, मागच्या तोंडावर डावा तळवा दाबून आवाज कोंडला आणि मग मोकळा सोडला. नवं कडवं उचलायची ती जागा होती. पण कोणी उचललंच नाही. थोडा वेळ नुसतं वाजप चालू राहिलं, मुख्य म्हणणाऱ्याने श्वास घेतला आणि सरळ शेवटचं कडवं धरलं, ज्यात कवीचं नाव येतं. घुमटं पुन्हा जुन्या ठेक्यावर आली. आरती संपली, मोरयाचा गजर झाला, हातावर पंचखाद्य पडलं आणि मंडळी छत्र्या उचलून पुढच्या घराकडे निघाली.

वाजवणाऱ्यांचे हात चौथ्या कडव्यासाठी तयार झाले होते, आणि ते कडवं कोणाच्याच तोंडात नव्हतं.

पुढच्या घरी जाताना वाटेत मी धाकट्या चुलतभावाला विचारलं. आता आरती तोच सांगतो. तो म्हणाला, देवीच्या आरतीला चारच कडवी, आम्ही शिकलो तेव्हापासून चारच. मग तिसऱ्यानंतर वाजप का बदलतं? त्याने घुमटवाल्या पोराकडे बघितलं. पोरगा म्हणाला, 'थंय तशेंच वाजयतात.' तिथे तसंच वाजवतात. त्याला ते त्याच्या मामाने शिकवलं होतं, मामाला आणखी कोणी. पाऊस जोरात आला, बॅटरीच्या उजेडात पाणंदीतले दगड चुकवत आम्ही पुढे गेलो आणि बोलणं तिथेच राहिलं. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. लहानपणी त्या जागी काहीतरी होतं, हे मला पक्कं आठवत होतं. शब्द नव्हते आठवत. एक लांब ताणलेला सूर आठवत होता, आणि तो सूर ऐकला की आजी चुलीवरची कढई खाली उतरवायची, हे आठवत होतं.

आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. तिथे चवथीत आरती म्हणजे घरातल्या घरात टाळ्या वाजवून पाच मिनिटांत उरकायची गोष्ट नव्हती. वाड्यावरचे पुरुष आणि पोरं घरोघर जात, ठरलेल्या क्रमाने. प्रत्येक घरी किमान तासभर. घरं थोडी असली तरी रात्रीचे दोन वाजत. शेवटच्या घरची मुलं माटोळीखालीच चटईवर झोपलेली असत आणि घुमटांच्या पहिल्या थापेला दचकून उठत. कोणत्या घरी किती आरत्या म्हणायच्या याचा कुठे लेखी नियम नव्हता, पण तो सगळ्यांना ठाऊक होता. ज्या घरात त्या वर्षी नवी सून आली असेल तिथे जास्त, ज्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं असेल तिथे त्याच्या आवडीची एक आरती अधिक. आमच्याकडे आजोबांसाठी विठ्ठलाची दुसरी आरती म्हणत. आजोबा गेले तरी ती म्हणतात. कोणासाठी म्हणायला लागलो हे आजच्या मुलांना माहीत नाही, पण आमच्या दारात आले की आपोआप म्हणतात.

आम्ही मुली त्या दाटीत नसायचो. आमची जागा सोप्याच्या आतल्या बाजूला, उंबऱ्याच्या आड, आणि त्याही मागे स्वयंपाकघरात, जिथे नेवऱ्या तळल्या जात. पण घुमटं आधी आमच्याकडेच यायची. भाद्रपदातल्या त्या दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग कोणीतरी पोरगा तिन्ही घुमटं घेऊन मागच्या दाराने आत येई आणि काकी ती चुलीच्या धगीवर धरी. फार जवळ नेलं तर कातडं तडकतं, लांब धरलं तर ओल जात नाही. ती मधूनमधून बोटाने एक टिचकी मारी, कान लावी, पुन्हा फिरवी. 'जालें' म्हणाली की पोरगा घेऊन पळे. कोणतं घुमट कोणाचं, हे तिला आवाजावरून कळायचं. तिने आयुष्यात कधी घुमट वाजवलेलं नाही.

ज्यांनी घुमट जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तो मातीचा भाजलेला घट असतो, दोन्ही तोंडं उघडी. मोठ्या तोंडावर ओलं कातडं ताणून दोरीने आवळतात आणि सुकलं की ते टणक बसतं. दुसरं तोंड लहान, ते मोकळंच राहतं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात आणि डावा तळवा मागचं तोंड झाकतो, उघडतो. सगळी करामत त्या डाव्या हाताची. उजवा हात ठेका देतो, पण आवाजाला पोट येतं ते डाव्याने. चांगला वाजवणारा असेल तर घुमट चक्क स्वर ओढतं, आणि तो हुंकार कानापेक्षा बरगड्यांना आधी कळतो. शामेळही मातीचीच, पण तिला बकऱ्याचं कातडं आणि ती बारीक काठ्यांनी वाजवायची, कोरडी आणि चटपटीत. घुमटाला कातडं असायचं घोरपडीचं. तिला गोव्यात गार म्हणतात. पातळ, चिवट, खवल्यांची नक्षी असलेलं ते कातडं आमच्या घरातल्या जुन्या घुमटावर मी पाहिलेलं आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आणि पुढे घुमटांवर बकऱ्याचं कातडं आलं. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, ते याच बदललेल्या घुमटाला.

यावर माझं मन अजून एका बाजूला पडत नाही. घोरपड वाचली पाहिजे याबद्दल मला शंका नाही. आमच्या कुळागरात, पोफळींच्या मुळाशी, अंगावर उन्हाचे कवडसे घेत पडलेली घोरपड मी पाहिली आहे, आणि तिच्या कातडीसाठी तिला कोणी मारावं असं मला क्षणभरही वाटत नाही. पण जुना आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना फरक कळतो. बकऱ्याचं कातडं जाड, ते थाप पिऊन घेतं. बारीक बोटांची कामं, ती झरझर पडणारी अक्षरं, त्यावर तेवढी स्पष्ट उठत नाहीत. मग वाजवणारे जोर लावतात. जोर लावला की लय चढते, लय चढली की म्हणणाऱ्यांना मागे राहून चालत नाही, आणि मूळची संथ आरती पळू लागते. कातडं बदललं आणि त्यामागून आरतीची चालही थोडी बदलली, असं मला वाटतं. डिचोलीच्या कुंभारांनी घडवलेला मातीचा घट मात्र तोच आहे. आमच्या घरातल्या जुन्या घुमटाचं कातडं कधीच फाटलं, नवं बसवलं नाही. नुसता घट खुंटीला आहे. त्यात तोंड घालून बोललं की आपलाच आवाज जाडाभरडा होऊन परत येतो. भाच्यांना तो खेळ फार आवडतो.

आरत्या मराठी. घरात कोकणी बोलणारी माणसं देवासमोर उभी राहिली की मराठीत जातात, आणि ते कोणालाच वेगळं वाटत नाही. गोव्याचा कृष्णदास शामा 1526 मध्ये श्रीकृष्णाची कथा मराठी ओवीत लिहायला बसला होता. तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. मधल्या काळात काय काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला आपल्या परीने माहीत आहे. देवळं पडली, देव नदीपार गेले. 1736 मध्ये पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, जो फर्मानवजा जाहीरनामा काढला त्यात नवख्रिस्ती घरांतल्या लग्नात ओव्या गाण्यालासुद्धा बंदी होती. बायकांच्या तोंडच्या ओव्यांची एवढी धास्ती का वाटावी, याचा मी पुष्कळदा विचार करते. बहुधा त्यांनी नीट ओळखलं होतं की माणूस नाव बदलतो, कपडे बदलतो, पण हळद लावताना तोंडात येणारं गाणं त्याला पुन्हा मागच्या अंगणात नेऊन सोडतं. कित्येक घरांत आजही मूर्तीऐवजी कागदावरचा गणपती किंवा पत्री पुजतात. लपूनछपून पूजा करण्याच्या दिवसांतली ती रीत, असं जुनी माणसं सांगतात. तेव्हा आरती कशी म्हणत असतील? घुमट न वाजवता, ओठांतल्या ओठांत?

आजोबांची आरत्यांची वही आमच्याकडे आहे. बालबोध अक्षर, निळी काळी शाई, पानांना वाळवीने खाल्लेल्या कडा. आरती परतल्यावर मी ती वही काढून बसले. देवीची आरती तिच्यात आहे. पण पहिलं कडवं सोडलं तर एकही पूर्ण नाही. प्रत्येक कडव्याचा नुसता पहिला शब्द, पुढे एक आडवी रेघ. ज्याला पाठ होतं त्याला तेवढंच पुरत होतं. रेघा मोजल्या. पाच कडवी होती. चौथ्याचा पहिला शब्द स्पष्ट होता, आणि त्याच्या डोक्यावर शाईने काढलेलं लहानसं वळण. तसं चिन्ह दुसऱ्या कुठल्याच कडव्यावर नव्हतं. वाजप बदलायची ती खूण.

वह्यांचं असंच असतं. लिहिणाऱ्याला जे विसरायला होत असे तेवढंच तो लिहून ठेवी. चाल कोणीही लिहीत नसे, कारण चाल विसरेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. छापील संग्रह आले तेव्हा त्यांत सगळीकडे चालणाऱ्या आरत्या आल्या, त्या पाठ झाल्या आणि बळकट झाल्या. गावागावांच्या देवतांच्या आरत्या कोणी छापणार? त्या वह्यांत राहिल्या, वह्या माळ्यावर गेल्या. आता पोरं फोनमध्ये बघून म्हणतात. त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मी नाही. एखाद्या पोराला यायची इच्छा आहे, उभं राहून म्हणायची इच्छा आहे, तर त्याने कशात बघितलं याला महत्त्व नाही. फक्त फोनमध्ये जी आरती मिळते ती सगळ्या मुलखाची असते, आमच्या वाड्याची नसते. आणि पडद्यावर नजर लावून म्हणणाऱ्याचं घुमटाकडे लक्ष राहत नाही. आमच्याकडे म्हणणारा आणि वाजवणारा एकमेकांच्या तोंडाकडे बघत असत. कडवं कधी उचलायचं हे भुवईवर ठरे.

गोव्याच्या लोकपरंपरांचा अभ्यास झालेला नाही असं नाही. विनायक खेडेकरांसारख्यांनी गावोगाव हिंडून वाद्यं, गीतं, उत्सव नोंदवून ठेवले, म्हणून आज बोलायला काही हाताशी आहे. आमच्या गावातही मागे एक विद्यार्थी चांगलं रेकॉर्डिंगचं सामान घेऊन आला होता. मुलगा मनापासून काम करणारा, प्रश्न विचारून नुसता गप्प बसून ऐकणारा. त्याने देवळाच्या सभागृहात पुरुषांना बसवलं, पंखे बंद करायला लावले, गलका नको म्हणून दारं लावून घेतली, आणि एकेक आरती स्वतंत्र ध्वनिमुद्रित केली. मी ते ऐकलं आहे. फार स्वच्छ आहे. प्रत्येक घुमट वेगळं ओळखू येतं. आणि तरी ते ऐकताना मला सारखं वाटत राहिलं की यातलं काहीतरी मागच्या दाराबाहेर राहिलं आहे. माणसं बसली होती, उभी नव्हती. समोर देव नव्हता. पुढचं घर नव्हतं, त्यामुळे आवरायची घाई नव्हती आणि लांबवायची हौसही नव्हती. मुख्य म्हणजे ऐकणारं कोणी नव्हतं. आरती म्हणणारे विचारले गेले, वाजवणारे विचारले गेले. वर्षानुवर्षं भिंतीआडून तीच आरती ऐकणाऱ्या बायकांना विचारायचं कोणाला सुचलं नाही. त्याला दोष कशाला देऊ? आम्हा घरच्यांनाही कुठे सुचलं होतं!

स्पर्धांमुळे बरंच टिकलं, हे मान्य करायलाच हवं. कला अकादमी घुमट आरतीची स्पर्धा घेते, गावोगावची मंडळंही घेतात. त्यामुळे वर्षभर तालमी होतात, एरवी चवथीपुरती खाली उतरणारी घुमटं हातात राहतात, सुवारीसारखं घुमटाचं अवघड वादन पोरं आवडीने शिकतात. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बायकांची पथकं उभी राहिली. पहिल्यांदा एका मंचावर नऊवारीतल्या बायका गळ्यात घुमट अडकवून उभ्या राहिलेल्या पाहिल्या तेव्हा माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. त्यांच्यातली एक तर डाव्या हाताने असा हुंकार काढत होती की शेजारी बसलेले माझे मामा सावरून बसले. पण स्पर्धेला वेळेची मर्यादा असते. मग आरतीतलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवावं लागतं, आणि गाळलं जातं ते नेहमी संथ असतं. परीक्षकांना द्रुत लयीतली सफाई दिसते. चौथ्या कडव्याआधी लय मागे ओढून थांबणं मंचावर चूक वाटेल. आमच्या वाड्यावरची मुलं दोन वर्षं स्पर्धेला गेली होती. ते कडवं तेव्हा गेलं की त्याच्या आधीच, हे आता कोणाला सांगता येणार नाही.

बार्देशात माझी एक मैत्रीण आहे, ख्रिस्ती. तिच्या वाड्यावर रस्त्याच्या कडेला एक पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. मे महिन्यात तिथे लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, होते. ती एकदा मला घेऊन गेली. संध्याकाळची वेळ, खुरसाला झेंडूच्या माळा, मेणबत्त्या वाऱ्याने वाकड्या झालेल्या, एक व्हायोलिनवाला आणि वाड्यावरची पंचवीसतीस माणसं. कोणी बसचालक, कोणी शिवणकाम करणारी, कोणी आखातातून सुट्टीवर आलेला. व्हायोलिनने सूर दिला आणि त्या माणसांनी लॅटिनमध्ये गायला सुरुवात केली, दोन पट्ट्यांत, एक सूर वर आणि एक त्याच्या खालून चालणारा. कोणाच्याही हातात कागद नव्हता. लॅटिन त्यांच्यापैकी कोणालाही येत नव्हतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चमधली उपासना कोकणीत आली, पण वाड्यावरच्या खुरसापाशी हे जुनं गाणं राहिलं, कारण तिथे ते लोकांचंच होतं. नंतर उकडलेले चणे वाटले गेले, मोठ्यांना उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, मिळाला. मी मैत्रिणीच्या आईला विचारलं, हे तुम्ही कधी शिकलात? ती म्हणाली, शिकले नाही, आईच्या कडेवर होते. तिचा खालचा सूर होता. वरचा सूर गाणारी तिची बहीण पोर्तुगालला गेली, आणि तेव्हापासून शेजारीण वरचा गाते. बहीण कधी आलीच तर दोघी मिळून वरचा गातात आणि खालच्यात ही एकटी पडते, याचं तिला वाईट वाटत होतं. मी घरी येताना तेच घोळवत होते. अख्खं गाणं एका माणसात कुठेच साठवलेलं नसतं. हिच्याकडे खालचा सूर, तिच्याकडे वरचा, व्हायोलिनवाल्याकडे सुरुवातीची पट्टी, आणि चणे उकडायला ठेवायचे केव्हा हे ज्या बाईला कळतं तिच्याकडे अंतर.

तिथून मला काकीची आठवण झाली.

मोठी काकी आता फारशी खाली उतरत नाही. गुडघे गेले आहेत, ऐकू मात्र उत्तम येतं. मी तिच्याजवळ बसून वहीतला चौथ्या कडव्याचा पहिला शब्द वाचून दाखवला आणि विचारलं, पुढे काय? तिने डोळे बारीक केले, दोनदा तो शब्द पुटपुटली, मान हलवली. आठवत नाही. मी तिसरं कडवं म्हणून दाखवलं, वाटलं त्या ओघात येईल. नाही आलं. मग ती म्हणाली, 'आयकल्याशिवाय कशें सांगूं? आदीं वाजय, मागीर सांगतां.' मला कुठे वाजवता येतं! धाकट्याला हाक मारली, तो घुमट घेऊन आला. जेवणाआधीची वेळ होती, त्याच्या हाताला अजून बाइकच्या ग्रीसचा वास होता. तो खुर्चीत बसायला गेला तर काकी म्हणाली, उभा राहा, पुता. तो उभा राहिला. तिसऱ्या कडव्याचा ठेका धरला, शेवटच्या ओळीपर्यंत आला, लय मागे ओढली, तळवा दाबला, सोडला.

आणि काकीने उचललं. आवाज म्हातारा, कापरा, पण उचलण्याची जागा अचूक. तोच लांब ताणलेला सूर, जो माझ्या कानात इतकी वर्षं नुसता रिकामा होता, त्यात आता शब्द होते. देवीच्या डोळ्यांचं वर्णन होतं, तिच्या हातातल्या परडीचं होतं, नदीचा उल्लेख होता. धाकटा वाजवता वाजवता आ वासून बघत राहिला. त्याच्या बोटांना माहीत असलेल्या त्या जागेत काय होतं हे त्याला पहिल्यांदाच ऐकू येत होतं. पहिली ओळ झाली, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीला ती थांबली. पुन्हा वाजवलं, पुन्हा तीन ओळी आल्या आणि ती तिथेच थांबली. विसरलीस का, असं मी विचारलं तर ती चक्क रागावली. 'तें केन्नाच आयकूंक आयलें ना. थंय कांसाळीं वाजतात न्हय?'

खरंच होतं. त्या जागी कांसाळी चढतात, शामेळ कडकडते, आणि मग आतल्या खोलीत नुसता नाद येतो. चौथी ओळ स्वयंपाकघरापर्यंत कधी पोहोचलीच नव्हती. तिच्याजवळ जे होतं ते तिने ऐकलं तेवढं, जसंच्या तसं. अंदाजाने एक अक्षरही तिने पुढे घातलं नाही.

आता प्रश्न त्या एका ओळीचा आहे आणि त्यावर घरात दोन तट पडले आहेत. एका काकांचं म्हणणं, देवाची आरती खंडित म्हणू नये, तीन ओळी आल्या म्हणून कडवं परत घ्यायचं तर चौथी जोडून घ्यावी. छंद साधा आहे, यमक ठरलेलं आहे, आपल्यातल्या कोणीही जाणत्याने ओळ रचावी. जुन्या काळी असंच होत असणार, असा त्यांचा मुद्दा. त्यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. या आरत्या कोणी एकट्याने एका बैठकीत लिहिलेल्या नसतात. पण मला ते पटत नाही. जोडलेली ओळ दहा वर्षांत जुनी होईल आणि मग काकीने इतक्या निगुतीने मोकळी ठेवलेली जागा बुजून जाईल. माझं म्हणणं, तीन ओळी म्हणाव्यात, चौथीच्या जागी कांसाळी वाजू द्यावीत. आतल्या खोलीतून आरती तशीच ऐकू येत होती. धाकटा माझ्या बाजूने आहे, पण तो अजून लहान आहे, त्याचं मत मोजलं जात नाही.

काकीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि वेगळीच गोष्ट सांगितली. शेजारच्या गावची देवी ही आमच्या देवीची बहीण मानतात. तिच्या देवळात जत्रेच्या रात्री आमच्या देवीची आरती आधी म्हणायची रीत होती. काकीचं माहेर त्या गावाजवळचं. तिथले म्हणणारे पुरुष बहुतेक गेले, पण बायका असतील. आणि तिथे देऊळ लहान, कांसाळी एकच जोडी, वाजवणारा मऊ हाताचा. चौथी ओळ तिथे ऐकू येत असणार.

पुढच्या रविवारी जायचं ठरलं आहे. धाकटा घुमट घेणार आहे, मी वही आणि फोन. काकी गुडघ्याला तेल चोळून स्वतः येते म्हणाली, गाडी दारापर्यंत आणायची तेवढी अट. कोणाकोणाकडे जायचं हे तिने बसल्या जागी सांगितलं, चार घरं, चारही देवळाला लागून. पुरुषमाणसं सोप्यावर बसवून घेतील, चहा देतील, त्यांना हवं ते सांगतील, तोवर तू सरळ मागच्या दाराने जा, असं तिने मला दोनदा बजावलं आहे.